दलालाचा टॉवेल

खांद्यावरचा टॉवेल काढायचा, दोनदा जोरात झटकायचा आणि विचारायचं, "आत कोन हाय का? असाल तर उतरा." मगच तो तुमचा हात टॉवेलाखाली घ्यायचा.

जनावरांच्या बाजारात तुम्ही फिरला असाल, तर हा प्रकार पाहिला असेल. टॉवेलाखाली हातात हात धरून बोटं दाबायची आणि भाव सांगायचा. चारचौघांत आकडा फुटत नाही. आमच्या माणदेशातला हा दलाल मात्र आधी टॉवेल तपासायचा. माळ खडकाळ, सावली कुठंच नाही. माणसं टॉवेल दगडावर टाकतात आणि विंचवाला तेवढाच आडोसा मिळतो.

विंचू, कोळी, गोचीड या सगळ्यांना तो 'आठपायी मंडळी' म्हणायचा. प्रत्येकाशी त्याचा व्यवहार वेगळा. बैलाचे दात बघायच्या आधी तो कान उलटायचा. आत गोचिडी दिसल्या की मालकाला ऐकवायचा, "पावनं, बैल इकताय का गोचिडी?" भाव तिथंच उतरायचा. घेणारा मी असलो, तर मला हे फार आवडायचं.

कोळ्यावर मात्र त्याची माया. गोठ्यातलं जाळं कुणी काढायचं नाही. बायको केरसुणी घेऊन आली की म्हणायचा, "ऱ्हाऊ दे गं. बैलाच्या डोळ्यावरच्या माश्या तू मारनार हायस का?"

"मग भाकरी बी त्यालाच थापाय सांगा," ती म्हणायची.

मी या धंद्यात चाऱ्याच्या पेंढ्या वाहत आलो. पुढं पाटणपासून जतपर्यंत जनावरं पोचवली, स्वतःच्या गाड्या घेतल्या. पण स्वतःच्या दारात बांधायला कधी बैल घेतला नाही. आला तो विकला. मग एका बाजारी तो कोसा खिल्लार बैल दिसला. आजूबाजूला एवढा गोंगाट, पण त्याने मान हलवली नाही. हा मला विकायला नको होता, ठेवायला हवा होता.

नेमकं त्या दिवशी बैलाने दलालाचा टॉवेल चाटून लाळेने भिजवला. मी दगडावरचा माझा टॉवेल ओढला आणि आमच्या हातांवर टाकला.

"झटक तरी गड्या."

"मागं गिऱ्हाईक हुबं हाय दादा. आटपा."

मी शेवटचा भाव दिला. त्याने एकदम माझी बोटं मुठीत आवळली. मला वाटलं, दाबून भाव चढवतोय.

"सोडा दादा. बोटं मोडून भाव वाढत न्हाई."

त्याने मूठ सोडली नाही. त्याच्या कपाळावर घाम फुटला होता. मी चार शिव्या घातल्या. तेव्हा त्याने माझा हात झटक्यात बाहेर ढकलला आणि मग स्वतःचा काढला. त्याच्या अंगठ्याच्या मुळाशी लाल, बारका विंचू होता. काळा मोठा परवडला, हा बारका लालच वाईट.

"आवं, मग बोलायचं न्हाई?"

"बोललो असतो तर तू बोटं हलवली असतीस. नांगीम्होरंच हुती ती."

मी त्याला पिकअपमध्ये बसवू लागलो. एक पाय गाडीत, एक खाली, अशा अवस्थेत त्याने बैलाच्या मालकाला सांगितलं, "ह्याचा हात निघाला. सौदा मोडला. मागच्याला इचारा."

सौदा पक्का झाल्याची टाळी पडायच्या आत हात बाहेर आला, तर पुढच्याची पाळी, हा त्या बाजाराचा नियम. मला तो पाठ आहे. पण हात मी काढला नव्हता, त्याने ढकलला होता.

सरकारी दवाखान्यात त्याला सलाईन लागलं, तरी आमचं भांडण चालूच.

"हात तुमी भाईर काढला."

"मग आत ठिवू व्हय रं?"

"निदान बैल तरी थांबवायचा."

"नियम म्हंजी नियम."

शेवटी नर्सने मला बाहेर काढलं.

तो बरा झाला. पुढं कित्येक वर्षं बाजारात दिसला की मी लांबूनच हाक द्यायचो, "माझा बैल कुठाय?" तो म्हणायचा, "इंजेक्शन मला टोचलं आन बोंब तुझी." मागच्या गिऱ्हाइकाने नेलेला तो बैल शर्यतीच्या व्हिडिओत बरेच दिवस दिसायचा. मी पुढे सरकवायचो. माझं दार अजून मोकळंच आहे. नंतर एकही बैल डोळ्यात भरला नाही. तो सौदा मोडला नव्हता, असं मी आजही म्हणतो. तुम्ही व्यवहारातली माणसं आहात, तुम्हीच सांगा.

गेल्या उन्हाळ्यात तो झोपेतच गेला. बाजारात आता मोबाईलवर आकडा दाबून एकमेकांपुढं धरतात.

मी त्याच्या घरी भेटायला गेलो. गोठ्यात खुंटीवर त्याचा टॉवेल तसाच होता. मी वहिनींना म्हणालो, "दादांकडं माझा एक बैल येनं हाय. त्याच्या बदली ह्यो टॉवेल नेतो."

"न्या की भावजी."

मी हात घातला. टॉवेलाच्या टोकापासून खांबापर्यंत जाळं विणलेलं होतं आणि मधोमध कोळी बसला होता. टॉवेल ओढला असता तर सगळं फाटलं असतं. मी हात मागे घेतला.

वहिनी केरसुणी धरून उभ्या होत्या. त्या माझ्या हाताकडं बघत राहिल्या.

"हात निघाला भावजी," त्या म्हणाल्या. "सौदा मोडला."