लाकडाचं पॅलेट आणि काळ्या फळ्या

“एवढ्याच फेऱ्या? कोण म्हणतं?” मी विचारलं.

“पुस्तकात आहे, काका.”

“मग पुस्तकवाल्यानं कधी मोळा मारलेला न्हाई.”

अनघाबाई हसल्या नाहीत. मांडीवरच्या लॅपटॉपवर त्यांनी माझ्या पॅलेटचं आयुष्य लिहून टाकलं होतं, आणि ते माझ्या चपलेपेक्षा कमी होतं.

पॅलेट म्हणजे मोळे, म्हणजे खिळे, ठोकून फळ्या आणि ठोकळ्यांची केलेली बुटकी चौकट. तिच्यावर माल रचायचा, खालून फोर्कलिफ्टची पाती घालायची आणि उचलून न्यायचं. फोर्कलिफ्टवाला घाईत असला की फळी मोडते. मोडलेली काढून दुसरी मारायची, हे माझं आणि माझ्या दोन गड्यांचं काम. कामथडीच्या पुढं महामार्गाला लागून गाड्यांचे सुटे भाग बनवणारा कारखाना आहे, तिथली दुरुस्तीची शेड मी चालवतो. शिक्षण चौथी. पण शेडमध्ये मला मिस्त्री म्हणतात, आणि मॅनेजरसाहेबसुद्धा आत येताना विचारून येतात.

त्याच साहेबांनी प्लास्टिकची पॅलेट आणायचं काढलं होतं. मोडत नाहीत, मिस्त्री लागत नाही. हे ते माझ्यासमोरच बोलले. लाकूड गेलं की शेड गेली, आणि शेड गेली की आम्ही तिघं घरी. पण माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीनं अट घातली होती, की आधी लाईफ सायकल अभ्यास करा. त्यासाठी भोरच्या अनघाबाई आल्या होत्या. वकिलाची मुलगी, पुण्याला शिकलेली.

हा अभ्यास म्हणजे काय, ते मला त्यांनी पायरीवर बसून सांगितलं. वस्तू जन्मल्यापासून मरेपर्यंत तिच्यापायी हवा, पाणी, माती किती खराब होते ते मोजायचं. झाड कुठं तोडलं, खिळ्याचं लोखंड कसं झालं, टेम्पोनं डिझेल किती जाळलं आणि शेवटी ती वस्तू कुठं गेली, सगळं त्यात आलं. मग दोन वस्तूंना सारखंच काम देऊन बघायचं. तेवढाच माल तेवढ्याच वेळा पोचवायला लाकडाची पॅलेट किती लागतील आणि प्लास्टिकची किती. म्हणजे पॅलेट जितकं जास्त जगेल तितका त्याच्या अंगावरचा दोष कमी.

मी एक पॅलेट उलटं केलं. मधल्या ठोकळ्यावर करवतीनं मारलेल्या खाचा दाखवल्या. एक दुरुस्ती, एक खाच. माझ्या हातची फळी लवकर निघाली असं कुणी म्हटलं तर हिशेब दाखवता यावा म्हणून मी त्या मारत आलोय. बाईंनी बोटानं मोजल्या. दुसरं पॅलेट उलटं करा म्हणाल्या, मग तिसरं. दुपारपर्यंत आम्ही अख्खी रास उलटी केली. पुढं त्यांनी काही पॅलेटवर रंगाची खूण केली आणि टेम्पोवाल्याला दर फेरीला खडूची एक रेघ मारायला लावली. महिन्याभरानं पुस्तकातला आकडा खोडून त्याहून मोठा लिहिला. माझी छाती फुगली होती, खोटं कशाला सांगू.

मग त्यांनी विचारलं, मोडलेल्या फळ्या कुठं जातात?

“काय बी वाया जात न्हाई,” मी ऐटीत सांगितलं. “लोक बंबाला नेत्यात.”

“सगळ्या?”

“सगळ्या.”

त्यांनी तसं लिहून घेतलं. मी एक गोष्ट मात्र गिळली. मशीनखात्यात भागांवरून ऑइल ठिबकतं, ते फळ्या पितात आणि काळ्या पडतात. लोकांना याच फळ्या हव्या असतात, कारण काडी लावली की पावसाळ्यातही भडकतात. भोंगवलीला माझ्या घरी मीच वर्षानुवर्षं नेत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळीला बसलो होतो. सून बंबात फळी सारत होती. डोळ्याला पदर लावून म्हणाली, “मामा, ही काळी फळी नका आणू. डोळं चुरचुरत्यात. भिंत बगा कशी झालीया.”

हे ती पहिल्यांदा म्हणत नव्हती. दरवेळी मी, लाकूड फुकट येतं, नखरे नकोत, असं म्हणून तिला गप्प केलं होतं. त्या दिवशी भिंत बघितली. ऑइलचा तवंग असतो तशी चिकट काळी होती. बंबाच्या मागं नातवाचे कपडे वाळत होते.

कारखान्यात पोचेपर्यंत डोक्यात एकच चाललं होतं. सांगितलं तर माझं लाकूड हरेल. नाही सांगितलं तर जिंकेल, पण मग ते माझं काम जिंकलं असं मला म्हणता येणार नाही.

बाई आल्या तशा त्यांना काळ्या फळ्यांच्या ढिगापाशी नेलं.

“ह्या बी बंबात जात्यात,” मी म्हणालो. “काल बोललो न्हाई.”

त्यांनी फळीचा वास घेतला. “काका, हे लिहावं लागेल. तुमच्या विरोधात जाईल.”

“लिवा. म्हनून तर दावली.”

लिहिलं, आणि लाकूड मागं पडलं. कारखान्याचं ऑइल गावात जळतं हे आता मोठ्या कंपनीला कळणार होतं, म्हणून साहेबांनी मला रागानं बोलावून घेतलं. मिस्त्री, तुम्हाला कुणी विचारलं होतं का, म्हणाले. मी म्हणालो, न्हाई, पण लाकडाचा काय दोष, ऑइल खाली पडतंय ही चूक मशीनखात्याची. मालाखाली पत्र्याचा ट्रे ठेवा, फळी कोरडी राहील. पत्रा तर भंगारात पडलाय.

साहेबांनी बाईंना बोलावलं. अनघाबाई म्हणाल्या, ट्रे धरून पुन्हा मोजते.

आम्ही पंधरा दिवसांत ट्रे वाकवून बसवले. ज्या फळ्या आधीच काळ्या झाल्या होत्या त्या घातक कचऱ्याच्या गाडीत गेल्या. गावातली माणसं रुसली. एकानं तर, मिस्त्री आता साहेब झाले, असं तोंडावर ऐकवलं. सुनेनं भिंतीला चुना मारला.

नव्या मोजणीत दुरुस्त करत वापरलेलं लाकूड पुढं निघालं. सगळीकडं नाही. भाग धुवायच्या खात्यात कायम पाणी असतं, तिथं लाकूड कुजतं. तिथं प्लास्टिक बरं, असं बाईंनी साफ लिहिलं. मी दोन दिवस भांडलो. मग धुण्याच्या खात्यातलं एक पॅलेट उचललं तर ठोकळा हातात आला. मग बाईंचं म्हणणं मानलं. बाकी सगळीकडं लाकूड राहिलं, शेड राहिली, आणि साहेबांनी आणखी एक गडी दिला.

या कामातून मला एवढंच कळलं, की आपल्या कामातलं वाईट आपण सांगितलं तर ते सुधारायलाही आपल्यालाच बोलावतात. दुसऱ्यानं शोधून काढलं तर नुसतं काढून टाकतात.

प्लास्टिकचं पॅलेट मात्र मला अजून आवडत नाही. मोळाच बसत नाही त्यात.