माझ्या पायावरचा धडा

आमच्या पाड्यावरच्या शाळेचे मास्तर वाणगावहून मोटारसायकलवर येतात. त्यांना नुसतं तोंडी शिकवताच येत नाय. लिटर शिकवायचा तर वर्गात बादली ओततात आणि दर वेळी विचारतात, "बघितलंत का? आता तुम्ही करा." पोरं हसायची. बायको होती तोवर मीपण शाळेच्या खिडकीतून बघून हसायचो.

भात कापताना तिला साप चावला. मी भारे बांधायच्या दोरीने तिचा पाय करकचून आवळला. आता विष वर चढत नाय, म्हणून निवांत टेम्पोची वाट बघत बसलो. बोईसरच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा पाय काळा पडला होता. ती गेली.

दिवाळीनंतर मास्तर दारात आले. "बाबा, सापाचा धडा आहे. पाय द्याल का तुमचा?"

मला राग आला. तरी गेलो.

त्यांनी मला वर्गात निजवलं, पायाला काठी लावली, फडकं सैल गुंडाळलं. "पाय हलवायचा नाही, कापायचा नाही, आवळायचा तर मुळीच नाही. तडक दवाखाना. बघितलंत का?"

मी उठून बसलो. खिशात तीच भाऱ्याची दोरी होती. ती दुसऱ्या पायाला आवळली. म्हटलं, "पोरांनो, मी तिला असं बांधलं. तुमी बांधू नका."

कोणी हसलं नाय. मास्तरही "बघितलंत का" म्हणाले नाय. खाली बसून माझी गाठ सोडवायला लागले. माझी गाठ सहजी सुटत नाय. शेवटी त्यांनी ती दातांनी सोडवली.