तिला येतं, असं मी सांगितलं

बाहेर आखाती उन्हाळा, त्रेचाळीस डिग्री होतं आणि आम्ही डिस्कव्हरी गार्डन्समधल्या घरातून लोकरीचे मोजे, हातमोजे, कानटोप्या पिशवीत भरून निघालो होतो. मॉलमधल्या बर्फाच्या डोंगरावर स्कीइंगला. गाडीत बायको म्हणाली, “आधी तिच्यासाठी एक लेसन घेऊ या. तासाभराचा तर असतो.”

“बघू,” मी म्हणालो.

माझं ‘बघू’ म्हणजे ‘नाही’, हे तिला बारा वर्षांच्या संसारात पाठ झालं होतं. ती खिडकीबाहेर बघत राहिली. मागे आमची नऊ वर्षांची मुलगी फोनवर स्कीइंगचे व्हिडिओ बघत होती. ते व्हिडिओ मीच शोधून दिले होते. तेवढं तिचं शिक्षण.

खरं कारण असं, की माझा मॅनेजर तिथे यायचा होता. मुंबईचाच, मराठीच. त्याची दोन्ही मुलं दर हिवाळ्यात जॉर्जिया देशात जाऊन स्की करायची. डिसेंबरात दोन्ही कुटुंबांनी मिळून जायचं, असं त्याने सुचवलं, तेव्हा मला ऑफिसात एकदम उंची आल्यासारखं वाटलं होतं. लंचला त्याने सहज विचारलं, “तुझ्या मुलीला येतं ना रे? नाहीतर तिच्यामागे सगळ्यांना खालीच बसावं लागेल.”

“येतं की,” मी म्हणालो. “दोनदा जाऊन आलीय.”

ती एकदाच गेली होती, तीही याच मॉलमधल्या बर्फात, शाळेच्या ट्रिपला. रबरी चाकात बसून घसरली होती.

मॉलमध्ये मॅनेजर आणि त्याची मुलं आधीच तयार होऊन उभी होती. सूट, जड बूट, हेल्मेट. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म पुढे केला आणि इंग्रजीत विचारलं, हिने बिगिनर लेव्हल केली आहे का? वळता येतं? थांबता येतं? बायको बूट बदलायला बसली होती. मॅनेजर माझ्या खांद्याशी उभा होता. मी म्हणालो, “येस, येस,” आणि तिन्ही चौकटींत खुणा केल्या. काउंटरवालीने हसून उतारावर जायची पट्टी माझ्या मुलीच्या मनगटाला बांधली. खोटं बोलायला इतका कमी वेळ लागतो.

मला स्वतःला स्की येत नाही. मी खाली थांबणार होतो. चेअरलिफ्टच्या रांगेत मुलीने माझी बाही ओढली. हळूच म्हणाली, “Baba, I don't really know how to stop.”

“अगं, व्हिडिओत बघितलंस ना? पाय पिझ्झाच्या तुकड्यासारखे करायचे, टोकं आत. काका आहेत बरोबर.”

“Can Mumma come?”

“मम्मालाही येत नाही, ती अजून बूटच घालतेय. जा, ते थांबलेत.”

“यल्ला, चल लवकर!” मॅनेजरने लिफ्टपाशी उभं राहून हाक मारली आणि ती गेली. गुलाबी हेल्मेट लिफ्टवरून वर जाताना तिने एकदा वळून बघितलं. मी अंगठा दाखवला.

मॅनेजरची मुलं आधी उतरली, झोकात वळणं घेत. मागोमाग तो. “येतेय ती,” तो म्हणाला. मला ती दिसली तेव्हा ती वळत नव्हती. सरळ येत होती. हात दोन्ही बाजूंना पसरलेले, पाय समांतर. तोंड उघडं होतं, पण संगीत इतकं मोठं लावलेलं होतं की ती ओरडत होती की नाही, मला आजही सांगता येत नाही. वेग वाढत गेला. ती कडेच्या जाळीत शिरली. एक स्की सुटली, दुसरी सुटली नाही, आणि पाय तिच्याबरोबर पिळला गेला.

सुरक्षापथकातली एक फिलिपिनो बाई माझ्या आधी तिच्यापाशी पोचली. माझ्या बायकोच्याच वयाची असेल. तिने बूट काढला नाही, पायाला आधार बांधला, तिच्याशी बोलत राहिली. मग विचारलं, “Sweetheart, did you have lessons before?”

मुलगी रडत होती. रडता रडता तिने माझ्याकडे बघितलं.

“Yes,” ती म्हणाली. “I had.”

नडगीचं हाड मोडलं होतं. मांडीपर्यंत प्लॅस्टर. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बायकोने विचारलं, “काउंटरवर विचारलं होतं त्यांनी, शिकलीय का म्हणून?”

“हो.”

“मग तू काय सांगितलंस?”

“तिला येतं, असं,” मी म्हणालो. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, आत गेली आणि मुलीच्या उशाशी बसली. त्या रात्रीपासून ती मुलीच्याच खोलीत झोपते.

आठवड्याने मॅनेजर मोठं टेडी आणि चॉकलेटं घेऊन घरी आला. “लहान मुलांची हाडं पटकन जुळतात. दोन महिन्यांत खलास, विषय संपला,” तो म्हणाला, आणि मग हसत, “पण तू तर म्हणाला होतास, येतं तिला!” बायको चहा घेऊन दारात उभी होती. मीही हसलो. हो, हसलो. ते हसणं मला त्या जाळीपेक्षा जास्त आठवतं.

जॉर्जियाला ते गेले. आम्हाला कुणी विचारलं नाही.

पाय बरा झाला. ती आता पळते, सायकल चालवते. आजीशी व्हिडिओ कॉलवर बोलताना मात्र सांगते, “मीच नीट नाही केलं, माझीच चूक झाली.” हे तिने बऱ्याचदा सांगितलं, आणि दर वेळी मी शेजारच्या सोफ्यावर बसून ऐकलं.

शेवटी एका शुक्रवारी, दुपारी ती अर्ध्या दिवसाच्या शाळेतून आल्यावर, मी तिच्यापाशी बसलो. म्हटलं, बाळा, चूक तुझी नव्हती. तुला येत नाही, हे मला माहीत होतं. तरी मी येतं म्हणून सांगितलं. आणि तू त्या बाईंना खोटं सांगितलंस, तेही माझ्यासाठी.

ती चित्र रंगवत होती. मान वर केली नाही.

“I know, Baba,” ती म्हणाली. “It's okay.”

ती आणखी काही विचारेल म्हणून मी थांबलो. तिने निळा खडू ठेवला, हिरवा घेतला, आणि थोड्या वेळाने नम्रपणे, पाहुण्याशी बोलावं तसं म्हणाली, “Can you call Mumma, please?”