गणपतीपुढचं लढाऊ जहाज

धुळ्यापासून समुद्र इतका लांब, की आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांनी तो फक्त कॅलेंडरवर पाहिला होता. तरीही एका वर्षी गणपतीपुढे शिडाच्या लढाऊ जहाजाचा देखावा करायचं ठरलं. ठरवलं मंडळाच्या अध्यक्षांनी, म्हणजे समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्या भाऊंनी. मी शिवणक्लास घ्यायचे, म्हणून शिडं माझ्या गळ्यात पडली. बांबूच्या डोलकाठ्यांवर आमच्या घरच्या पांढऱ्या चादरी चढल्या. एकीवरचा हळदीचा डाग काही केल्या निघाला नाही.

माहिती सांगायला इतिहासाचे निवृत्त मास्तर होते, आबा. त्यांनी मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेलं एक खरंखुरं इंग्रजी जहाज निवडलं आणि पहिल्या संध्याकाळी माइकवरून त्याची सगळी नोकरी सांगितली. त्यानं टपाल नेलं, व्यापारी गलबतांना सोबत केली, कुठल्याशा साहेबाच्या मडमेचा पियानो पोचवला. एका मोठ्या लढाईला निघालं, तर पोचेपर्यंत लढाई संपलेली.

गर्दीतून कोणीतरी विचारलं, "मंग हाई लढनं कोठे?"

"कुठेच नाही," आबा म्हणाले.

लोक शेजारच्या गल्लीतला देखावा बघायला निघून गेले.

दुसऱ्या संध्याकाळी भाऊंनी माइक आपल्याकडे घेतला आणि जहाजानं पोर्तुगीज, फ्रेंच आणि डच, तिघांनाही एकाच दुपारी बुडवलं. टाळ्या पडल्या. आबा खुर्चीत बसून ऐकत होते. टाळ्या थांबल्यावर ते उठले आणि म्हणाले, "भाऊ, माइक द्या. जे घडलं नाही ते तुम्ही सांगितलंत. आता घडलं ते मी सांगतो."

मग त्यांनी खलाशांचं सांगितलं. महिनोन्‌महिने जमीन नाही. बिस्किटात अळ्या. हिरवं काही पोटात न गेल्यानं हिरड्या सडायच्या, दात हलायचे, जुन्या जखमा पुन्हा उघडायच्या. या जहाजावर तोफेनं माणूस मेला नाही, असे मेले.

पुढे बसलेली एक अक्का एकदम म्हणाली, "त्यास्ले येक लिंबू बी नही भेटनं?"

"साठा संपला होता, अक्का."

तिनं जहाजाकडे असं पाहिलं, की जणू आतले लोक अजून उपाशी आहेत. दुसऱ्या दिवशी ती पिशवीभर लिंबं घेऊन आली आणि तोफांच्या मागे रचून गेली. तिचं पाहून बायका लिंबं आणू लागल्या. भाऊ आधी वैतागले. बघ्यांची रांग गल्लीच्या वळणापर्यंत गेल्यावर मात्र लिंबांसाठी गिरणीतली टोपली त्यांनी स्वतः आणून ठेवली, आणि माइककडे परत फिरकले नाहीत.

देखाव्यांच्या स्पर्धेचं बक्षीस आम्हाला मिळालं नाही. ते दुसऱ्या मंडळाच्या, सोंडेतून पाणी उडवणाऱ्या हत्तीला गेलं. भाऊंनी परीक्षकांच्या सात पिढ्या काढल्या. आबा शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "आठवी राहिली, भाऊ."