राखणदार झोपवणाऱ्या गोळ्या

चौकातल्या कुलूपवाल्याला सगळे संशयात्मा म्हणत, आणि ते काही उगाच नाही. हॉटेलात चहा डोळ्यांदेखत ओतलेला नसेल तर तो पीत नसे. रात्री बायकोने दार लावलं तरी हा उठून कडी ओढून बघणार. जन्मभर चोरांनी फोडलेल्या घरांची कुलपं बदलल्यावर माणूस दुसरा कसा होणार म्हणा.

तर हा गृहस्थ एकदा व्हायरसच्या तापाने आडवा झाला. ताप उतरला, तपासणीतही काही उरलं नाही, पण दम काही परत येईना. दुकानाचं शटर वर करताना मध्येच थांबावं लागे. इथे कुठेतरी पाणी मुरतंय, असं त्याच्या मनाने घेतलं.

छातीच्या डॉक्टरबाईंनी स्कॅन दाखवून समजावलं. "काका, व्हायरस गेलाय. पण त्याला मारायला धावलेले तुमच्या शरीराचे राखणदार अजून थांबलेले नाहीत. ते आता फुप्फुसावरच काठ्या चालवतायत. तिथे जखमा होतात आणि भरताना व्रण पडतो. व्रणाची जागा कडक, ती श्वासाबरोबर फुगत नाही. या गोळ्यांनी राखणदार शांत होतील. मनाने बंद करू नका."

झालं. राखणदार शांत करायचे? फोडलेल्या घरांत त्याने हेच तर पाहिलं होतं. चोर आधी कुत्र्याला गुंगीचं खायला घालतो, मग कडीला हात लावतो. चोर खरंच गेला असेल तर धाप कसली लागते? आणि ही बाई पहारा उठवायला का निघालीय?

आपण मेख ओळखली, अशा ऐटीत तो घरी आला. बायको रोज सकाळी गोळी हातावर ठेवी. हा गोळी गालात दाबून वरून पाणी पिई आणि न्हाणीघरात जाऊन थुंकून येई. ती बिचारी शेजारणीला सांगे, औषधाच्या बाबतीत आमचे हे अगदी शहाण्यासारखे वागतात.

काही आठवड्यांत नुसती अंघोळ केली तरी त्याला धाप लागू लागली. शटर शेजारचा शिंपी उघडून देई. पुन्हा स्कॅन झाला. डॉक्टरबाईंनी तो जुन्या स्कॅनशेजारी लावून पाहिला.

"व्रण पसरलाय. गोळ्या नियमित घेतल्या ना?"

"रोज," बायको म्हणाली. "मी स्वतः देते. तुमच्या गोळ्यांतच काही खोट असेल. नीट बघून लिहून दिल्या होत्या का?"

डॉक्टरबाई जुने कागद चाळू लागल्या. कुलूपवाल्याला लाज वाटली, भीतीही वाटली.

"मी थुंकत होतो," तो म्हणाला.

बायको त्याच्याकडे वळली. "माझ्या हातची गोळी?"

"कडक झालंय ते आता मऊ होणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "उरलंय ते वाचवायचा प्रयत्न करू."

हल्ली बायको गोळी देते, पाणी देते आणि समोरच उभी राहते.

"आ करा."

तो आ करतो.

"जीभ वर."

तो जीभही वर करतो.