विधुरांच्या खणातला डावा बूट

"दुखतंय का गं?" असं मुलांना विचारणं फर्नांद उलेटने कधीच सोडून दिलं होतं. पायाला ब्रेस लावणाऱ्या मुलांना तर ती हा प्रश्न चुकूनही विचारत नसे. ही मुलं चालायला लागल्यापासून दवाखान्यात, शाळेत, दुकानात याच प्रश्नाचं उत्तर देत आलेली असतात, आणि एक गोष्ट त्यांना फार लवकर कळते. 'दुखतंय' म्हटलं की आईचा चेहरा उतरतो आणि आणखी सहा खोकी उघडली जातात. मग ती शहाणी मुलं 'नाही' म्हणून मोकळी होतात. टाच सोलवटून निघाली तरी 'नाही'च.

म्हणून फर्नांद पाठ फिरवून उभी राहायची. बोल्डकच्या बुटांच्या दुकानात सगळीकडे गालिचा होता, फक्त मधोमध लाकडी फळ्यांची एक लांब पट्टी उघडी ठेवलेली होती. मुलाला त्या फळ्यांवरून चालायला लावायचं आणि आपण भिंतीकडे तोंड करून ऐकायचं, ही तिची रीत. टाच आत सरकत असेल तर एका पावलाचे दोन आवाज येतात. बूट लांब झाला असेल तर पुढचं टोक घासतं. नीट बसलेला बूट एकदाच बोलतो आणि गप्प बसतो. "माणसांनी हे शिकायला हवं," असं ती वर म्हणायची, आणि ते बहुतेक वेळा मालक नॉर्मंड बोल्डकला उद्देशून असायचं.

ऑबर्न हे बुटांचं गाव. फर्नांदने सव्वीस वर्षं कारखान्याच्या शिलाई खात्यात काढली. मग एकेक कारखान्याला कुलूप लागलं. बाकीच्या बायका वृद्धाश्रमांत नाहीतर शाळांच्या स्वयंपाकघरांत कामाला लागल्या, हिने मात्र बूट सोडले नाहीत. शिवायची ते विकायला लागली. ब्रेसवाल्या मुलांचं काम तिच्याकडे कुणी सोपवलं नव्हतं, तिने ते ओढून घेतलं. ब्रेस म्हणजे तळव्यापासून पोटरीपर्यंत येणारा कडक प्लास्टिकचा मोजाच. तो घातला की तो पाय दुसऱ्या पायापेक्षा दोन मापांनी मोठा होतो आणि रुंदीचं तर विचारूच नका. लोक काय करतात, मोठी जोडी घेतात आणि बऱ्या पायाच्या बुटात कापूस कोंबतात. मूल मग दिवसभर ठेचकाळत फिरतं. हे दिसलं की फर्नांदच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

ती जोड्या फोडायची. एका खोक्यातला डावा, दुसऱ्या खोक्यातला उजवा. बुटाची आतली गादी काढून टाकायची, आधी रिकामा ब्रेस बुटात बसवायचा आणि मग पाय ब्रेसमध्ये सोडायचा. हे उलटं करून किती आया घामाघूम होऊन तिच्यापुढे रडल्या असतील, त्याला गणती नाही.

जोड्या फोडल्यावर जे एकेकटे बूट उरायचे, ते मागच्या खोलीतल्या एका मोठ्या खणात जायचे. दुकानात सगळे त्याला 'विधुरांचा खण' म्हणत. नॉर्मंड दर वसंतात तो खण रिकामा करायच्या गोष्टी करायचा आणि फर्नांद दर वसंतात नोकरी सोडायची धमकी द्यायची. ती त्या विधुरांची लग्नं जुळवत असे. एका मुलीच्या उजव्या पायाला ब्रेस असला तर जिच्या डाव्या पायाला आहे अशी मुलगी कुठे सापडते का, म्हणून उपवर पोरीच्या बापासारखी ती गावोगावच्या आयांना फोन करत बसायची.

हे वेड तिला लागलं ते भावामुळे. रोझेर तिच्याहून दोन वर्षांनी मोठा. त्याला पोलिओ झाला होता. पायात लोखंडी पट्ट्या आणि कुणीतरी दान दिलेले अवजड तपकिरी बूट. पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या, म्हणजे मूल पहिल्यांदा वेदीपाशी प्रसाद घेतं त्या दिवशी, सात वर्षांची सगळी मुलं पांढऱ्या कपड्यांत ओळीने चर्चच्या मधल्या वाटेने वेदीपर्यंत चालत गेली, आणि रोझेर पुढच्या बाकावर बसून राहिला. फादर स्वतः प्रसाद घेऊन त्याच्यापाशी आले. घरात सगळे म्हणाले, बरं झालं, पोराचा त्रास वाचला. रोझेरही म्हणाला, बरं झालं. मग साठी उलटल्यावर, शेवटच्या आजारात, एका दुपारी तो फर्नांदला म्हणाला, "मला त्या ओळीतून जायचं होतं गं."

मे महिन्यातल्या एका मंगळवारी लॉरेट कॅरन नातीला घेऊन दुकानात आली. लॉरेट आणि फर्नांद कारखान्यात शेजारशेजारच्या मशीनवर बसायच्या. लॉरेटचे टाके धावायचे, फर्नांदचे चालायचे, आणि त्यावरून दोघींचं सव्वीस वर्षं वाजत आलं होतं.

"अजून आहेस का इथेच?" लॉरेट म्हणाली. "मला वाटलं, नॉर्मंडने तुला त्या खणात ठेवलं असेल एव्हाना."

"तुझ्यासाठी जागा राखून ठेवलीय. आणि पोरीच्या पायात हे काय घातलंयस? होड्या?"

पोरगी म्हणजे एलीझ. सात वर्षांची, काटकुळी, डाव्या पायाला ब्रेस. पायात पट्ट्याचे पांढरे बूट, दोन मापांनी मोठे. येत्या रविवारी तिचा पहिला ख्रिस्तप्रसाद होता आणि सोमवारच्या तालमीत ती चर्चच्या मधल्या वाटेत पडली होती. एकदा नव्हे, दोनदा.

"फादर म्हणाले, तिने पुढच्या बाकावर बसावं, ते स्वतः येतील तिच्यापाशी," लॉरेट म्हणाली. "मला तर हायसं वाटलं. तेव्हा बसायला बरे दिसतील असे बूट दे, म्हणजे झालं."

फर्नांद पोरीसमोर खाली बसली. मग तिने एलीझला विचारलं, "तुझं काय म्हणणं आहे?"

"मला चालेल, मादाम," एलीझ जमिनीकडे बघत म्हणाली.

"हे 'चालेल' मी ओळखते," फर्नांद म्हणाली. "लॉरेट, बसायचे बूट मी विकत नाही. रविवारी ही ओळीतून चालणार."

"तू कोण ठरवणार?"

"मी बूट देणार. ठरवेल ती."

झालं. एवढं निमित्त दोघींना पुरेसं होतं. फादरांवरून गोष्ट निघाली ती फर्नांदने कधी काळी परत पाठवलेल्या तीन डझन बुटांवर गेली, ज्यांचे टाके लॉरेटच्या मते सरळ होते आणि फर्नांदच्या मते नव्हते. त्या भांडणाच्या भरातच फर्नांदने ब्रेसचं माप घेतलं, रुंदी घेतली, नेहमीचं सगळं केलं. निदान तिला तरी तसंच वाटलं.

बुधवारी तिने पांढऱ्या बुटांच्या दोन जोड्या फोडल्या. असले नाजूक बूट ब्रेससाठी पुरेसे उघडत नाहीत, म्हणून तिने डावा बूट घरी नेला, चामडं कापायच्या रापीने तो पुढे चवड्यापर्यंत उघडला, आत मऊ चामड्याची जीभ बसवली आणि वर लांब पट्टा लावला. मग उजव्यालाही तस्संच केलं, गरज नसताना. दोन्ही बूट एकसारखे दिसले पाहिजेत यावर ती अडून बसायची. पायात काही वेगळं आहे हे बुटाने ओरडून सांगू नये, असं तिचं मत होतं.

गुरुवारी एलीझ फळ्यांवरून तीनदा चालली आणि फर्नांद भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. प्रत्येक पावलाला एक आवाज. पलीकडच्या टोकाला पोहोचल्यावर पोरगी आपण होऊन वळली आणि चौथ्यांदा चालली, कुणी सांगितलेलं नसताना. लॉरेटने बूट हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "टाके सरळ आलेत," ती म्हणाली. कारखान्यातल्या सव्वीस वर्षांत हे वाक्य तिने कधी उच्चारलं नव्हतं.

शनिवारी सकाळी दुकान उघडतंय तोच फोन वाजला.

"बूट जात नाहीये," लॉरेट म्हणाली.

"पट्टा सोडलास का पूर्ण?"

"सगळं करून झालं. नवा ब्रेस आहे ना. काल संध्याकाळी मिळाला."

फर्नांद खुर्चीत बसली. मूल वाढतं तसा ब्रेस बदलतो, आणि नवा ब्रेस कधीच जुन्यासारखा नसतो. म्हणून दुकानात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक आईला तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: नवा ब्रेस कधी येणार आहे? सगळ्यांना विचारलेला हा प्रश्न लॉरेटला विचारायचा राहिला होता. त्या मेल्या तीन डझन बुटांपायी राहिला होता.

अर्ध्या तासात आजी-नात दुकानात आल्या. नवा ब्रेस घोट्याशी वाकणारा होता, जाड होता, आणि त्यावर एलीझने निवडलेले हिरवे चिमुकले पक्षी होते. पांढऱ्या बुटाचा तळच त्याला अरुंद पडत होता. तळ काही उसवून वाढत नाही. त्या मापाचा दुसरा पांढरा बूट दुकानात नव्हता, आणि रोजचे खेळाचे बूट जुन्या ब्रेसच्या मापाचे होते.

"जुनाच घालू की," लॉरेट म्हणाली. "तासाभराचा तर प्रश्न आहे."

"त्याने दुखत नाही, मादाम," एलीझ लगेच म्हणाली.

जुना ब्रेस घालूनच ती आली होती. फर्नांदने तो उतरवला, मोजा काढला आणि टाच वर केली. टाचेवर लालबुंद चट्टा होता. तिने पोरीला बिस्किटं दिली, लॉरेटला गप्प बसवलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसली. वीस मिनिटं झाली तरी लाली तशीच होती.

"वीस मिनिटांत लाली गेली नाही तर तो ब्रेस परत पायात जाणार नाही," ती म्हणाली. "एक तासही नाही. एलीझ, तुला मी कधी विचारलं का दुखतंय का म्हणून?"

"नाही."

"मग आपणहून कशाला सांगितलंस?"

एलीझने बिस्किटाचा तुकडा बराच वेळ चघळला. "'नाही' म्हटलं की सगळं लवकर संपतं," ती म्हणाली. आणि मग, आणखी हळू, "मी बाकावर बसेन. मला चालेल."

लॉरेटने तोंड फिरवलं आणि रुमाल शोधायला लागली.

"चूक माझी आहे," फर्नांद म्हणाली. "नव्या ब्रेसचं विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही."

एरवी लॉरेटने हे वाक्य जन्मभर पुरवून वापरलं असतं. आज ती म्हणाली, "मीही सांगितलं नाही. भांडत होते ना."

मग फर्नांद उठली, मागच्या खोलीत गेली आणि तिने विधुरांचा अख्खा खण जमिनीवर ओतला. दोघी म्हाताऱ्या गुडघे धरत खाली बसल्या आणि डावे बूट वेगळे काढायला लागल्या. बर्फातले बूट, गुलाबी बूट, चालताना दिवे लागणारे बूट. एलीझ ब्रेस हातात घेऊन एकेकात घालून बघत होती, आधी ब्रेस, पाय नाही, फर्नांदने दाखवलं होतं तसंच. अकराव्या की बाराव्या बुटात ब्रेस सरळ आत गेला आणि खाली टेकला. बँगोर गावातल्या एका मुलीसाठी हिवाळ्यात फोडलेल्या जोडीतला तो डावा बूट होता, कापडी, टोकापर्यंत उघडणारा. आणि आभाळासारखा निळा.

"निळा," लॉरेट म्हणाली.

"दिसतंय मला."

लॉरेटने कपाटातून पांढरं पॉलिश काढलं आणि तिथेच बसून बुटाला फासायला सुरुवात केली, धावत्या टाक्यांच्याच वेगाने. दोन हात दिले, तिसरा दिला. निळा रंग काही हटेना. बूट शेवटी पाणी घातलेल्या दुधासारखा दिसायला लागला. फर्नांद बघत राहिली. एका पायात तिने शिवलेला पांढरा, दुसऱ्यात हा कापडी निळसर, आणि वर हिरवे पक्षी. इतक्या वर्षांत असं मूल तिच्या दुकानातून बाहेर पडलं नव्हतं. तिला मनापासून लाज वाटली.

"हे असं मी नाही पाठवणार तिला," ती म्हणाली. "लोक बघतील."

"बघू देत," लॉरेट म्हणाली. "मेरीमातेचा झगा निळाच असतो. कुणी तोंड उघडलं तर मी आहे."

"पण मादाम," एलीझ म्हणाली, "तुम्ही ऐकलं कुठे अजून?"

खरंच की. फर्नांद भिंतीकडे वळली. पॉलिशचा वास, लॉरेटचा श्वास, आणि मग फळ्यांवर पावलं. उजवं, डावं. उजवं, डावं. डावं पाऊल जरा उशिरा येत होतं, ते येणारच. पण येत होतं ते एकदाच, आणि येऊन गप्प बसत होतं.

रविवारी दहाच्या प्रार्थनेला फर्नांद मधल्या वाटेच्या कडेला बसली. ओळ निघाली तेव्हा तिने डोळे मिटले. सोळा मुलांची पावलं होती. नवे कडक तळ, उड्या मारत जाणारा एकजण, लांब बुटात घासत जाणारी एकजण (त्या आईला ती नंतर गाठणार होती). त्यातून ती एक चाल तिने वेगळी काढली आणि वेदीपर्यंत तिच्या मागे गेली. ती कुठेही अडखळली नाही. मग तिला रोझेर आठवला, बाकावर बसलेला, मांडीवर हात ठेवलेला, आणि तिला रडू आलं ते तिने आवरलं नाही.

परत येताना पावलं तिच्यापाशी थांबली. अख्खी ओळ मागे खोळंबली. फर्नांदने डोळे उघडले. एलीझ तिच्या कानाशी वाकली होती.

"मादाम, दुखत नाहीये."

"मी विचारलं का?"

"नाही," एलीझ म्हणाली. "पण या वेळी खरं सांगतेय."