देवापुढे ठेवलेल्या गमी

आपल्या ऑनलाइन कम्युनिटीतल्या आयांनो, आज घडलं ते लिहिते.

आज सकाळी आमच्या गणपतीच्या आरतीला बिल्डिंगमधली सगळी पोरं आली आणि प्रसाद कमी पडला. सासूबाईंनी फ्रिजवरची बाटली काढली, देवापुढे ठेवली आणि पोरांना मूठमूठ वाटून टाकली. बाटलीत माझ्या दिरांनी अमेरिकेहून आणलेल्या व्हिटॅमिनच्या गमी होत्या, जेलीसारख्या मऊ आणि गोड गोळ्या.

दुपारी शेजारचा तीन वर्षांचा ओम उलट्या करायला लागला. बाटली घेऊन त्याच्या आईबरोबर मीही रिक्षाने डॉक्टरांकडे पळाले. बाटलीवरचं लेबल वाचून ते म्हणाले, "यात लोह नाही, म्हणून निभावलं. जास्त लोह लहान मुलांच्या जिवावर बेततं."

घरी येऊन मी पिहूसमोरच सासूबाईंवर ओरडले, "ते औषध होतं, खाऊ नव्हे!" त्या म्हणाल्या, "अगं, तूच रोज ती गोळी देताना पिहूला म्हणतेस ना, ‘ये, खाऊ घे’?"

म्हणते. माझी लेक साधी गोळी थुंकायची, गमी मात्र मागून खाते. रडारड नाही, मागे धावणं नाही. किती सोयीचं वाटलं होतं! खाऊ म्हटल्यावर एकावर कोण थांबतं, हे मला सुचलंच नाही.

संध्याकाळी पिहूच्या हातावर मोदक ठेवला. तिने तो हुंगला आणि विचारलं, "आई, हा खरंच खाऊ आहे?"

सांगा, आता मी ‘हो’ म्हटलं तर तिने का विश्वास ठेवावा?